महाडचे चवदार तळे आणि क्रांतीस्तंभ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाडला येणारे बरेच जण तळ्यावर उतरतात, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतात, फोटो काढतात आणि रायगडच्या रस्त्याला लागतात. क्रांतीस्तंभ राहून जातो आणि त्याबरोबर 1927 सालातला अर्धा लढाही. सार्वजनिक पाण्यावर अस्पृश्यांचा हक्क आणि माणूस म्हणून समता यांसाठीचा महाडचा लढा एका दिवसात, एका जागी झालेला नाही. तो दोन जागी झाला, नऊ महिन्यांच्या अंतराने झाला आणि त्याचा शेवटचा निकाल हाती यायला दहा वर्षे लागली. खालची उत्तरे हे धरूनच दिली आहेत.

महाडला गेल्यावर नेमके काय पाहायचे?

आधी चवदार तळे. चारही बाजूंनी रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे घरे, अशी त्याची जागा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 1937 च्या निकालपत्रात तळ्याचे क्षेत्र चार ते पाच एकर आणि वय किमान 250 वर्षे दिले आहे. पाणी काही पावसाचे, काही झऱ्यांचे. पहिल्यांदा आलेल्याला वाटते, एवढेच? तसे वाटले तर घाईने निघू नका. काठावरच्या घरांकडे पाहा. त्या काळी या घरांत सवर्ण राहत, एका छोट्या भागात मुसलमान. अस्पृश्यांचे एकही घर जवळपास नव्हते, अशी नोंद त्याच निकालपत्रात आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांबरोबर जे अस्पृश्य लोक पाण्यात उतरले ते या सगळ्या दारांसमोर उतरले. त्यांनी काय केले हे कळायला तळ्याला एक पूर्ण फेरी पायी मारावी लागते. गाडीतून ते कळत नाही.

नंतर क्रांतीस्तंभ. 25 डिसेंबर 1927 च्या मनुस्मृतिदहनाचे हे स्मारक. तळ्यापासून पायी जाता येते, रस्ता कुणीही सांगतो. तिसरी जागा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय स्मारक. ते पाहायचे असेल तर कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत जा. तिन्ही मिळून निवांत तीन तास धरा.

प्रवेश शुल्क आणि वेळ?

तळ्यावर आणि क्रांतीस्तंभावर तिकीट नाही. सकाळी लवकर जाणे सगळ्यात चांगले. ऊन नसते, गाड्याही कमी असतात.

20 मार्च आणि 25 डिसेंबर या दोन तारखांत लोकांचा गोंधळ होतो. कोणत्या दिवशी काय झाले?

हा गोंधळ इतका रुजलेला आहे की काही निमंत्रणपत्रिकांवरसुद्धा मनुस्मृतिदहन मार्चमध्ये छापलेले दिसते. म्हणून क्रमाने सांगतो.

4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, पण तळ्यावर जाण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती.

19 आणि 20 मार्च 1927 ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. जमवाजमवीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे होते. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे सवर्ण कार्यकर्तेही बरोबर होते. परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला पाणी हवे होते, ते 40 रुपये मोजून सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. पाण्याने भरलेले तळे हाकेच्या अंतरावर असताना. महाडबद्दल एकच तपशील लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

20 तारखेला परिषद आटोपताना चित्र्यांनी सुचवले की आता सगळ्यांनी मिळून तळ्यावर जाऊ. चार-चारच्या रांगेत, बाजारपेठेतून, शांतपणे लोक निघाले. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि मग बाकीचे उतरले. दोनेक तासांनी गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपावर हल्ला झाला, जेवत्या लोकांना मारले, वीसेक जण गंभीर जखमी झाले. काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला. परिषदेला आलेल्यांत लष्करात नोकरी केलेले पुष्कळ होते, उलट हात उचलणे त्यांना अवघड नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी पाण्यात ओतण्यात आल्या. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

मग डिसेंबरमध्ये काय झाले?

तळ्यावर पुन्हा जायचे ठरवून 25 ते 27 डिसेंबरला सत्याग्रह परिषद बोलावली होती. महाडचे व्यापारी माल देणार नाहीत म्हणून धान्य आणि किराणा बाहेरून आणला. मंडपासाठी जागा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पाच मैल पायी महाडला आले. दरम्यान काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून 14 डिसेंबरला मनाईहुकूम मिळवला होता.

25 ला रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. मंडपासमोर दीड फूट लांब-रुंद, सहा इंच खोल खड्डा खणून त्यात चंदनाची लाकडे रचली होती. दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, ते स्वतः ब्राह्मण होते. बाबासाहेबांनी भाषणात या परिषदेचे नाते फ्रान्समध्ये 1789 साली भरलेल्या राष्ट्रीय सभेशी जोडले. पाणी पिणे हे साधन होते. माणूस म्हणून समता हे साध्य होते, हे त्यांनी तिथे उघड सांगितले. प्रत्यक्ष तळ्यावर जाणे मात्र न्यायालयाचा हुकूम असल्याने पुढे ढकलले. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले असताना हा निर्णय घेणे सोपे नव्हते. 27 तारखेला बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, आणि अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर लादलेली लुगडे नेसण्याची जुनी पद्धत बायकांनी तिथेच टाकली. क्रांतीस्तंभापाशी उभे राहून हा भाग मुलींना जरूर सांगा.

सत्याग्रहानंतर तळे सगळ्यांना खुले झाले, बरोबर?

लगेच नाही. मनाईहुकूम फेब्रुवारी 1928 मध्ये उठला, पण दावा चालूच राहिला. वादींचे म्हणणे असे की हे ‘चौधरी तळे’ आहे, खासगी आहे आणि अस्पृश्यांनी न वापरण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे. खालच्या न्यायालयाने 1931 मध्ये बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला, अपिलातही तो टिकला आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या खटल्यात वादींचे अपील फेटाळले. अशी प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. नऊ वर्षांहून जास्त काळ बाबासाहेब हा दावा लढत होते. तळ्याकाठी भाषणे होतात त्यांत ही तारीख फारशी ऐकू येत नाही, म्हणून इथे मुद्दाम दिली.

मुंबईहून कसे जायचे?

मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेल, पेण, माणगाव करत साधारण 170 ते 180 किलोमीटर. रिकाम्या रस्त्याला चार-साडेचार तास पुरतात, पण रिकामा रस्ता गृहीत धरू नका. अडकायला होते ते बहुधा इंदापूर ते माणगाव या टप्प्यात. माणगावच्या बाजारपेठेतच वाहतूक तुंबते. जोडसुटी असेल तर पहाटे चारला मुंबई सोडा, म्हणजे माणगाव बाजार उघडण्याआधी पार होते. एसटी सोयीची आहे: महाडला आगार आहे, आणि दक्षिणेकडे पोलादपूर, खेड, चिपळूणकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्या महाडवरून जातात.

रेल्वेने?

महाड शहरात रेल्वे नाही. कोकण रेल्वेचे जवळचे स्टेशन वीर. तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, वेगवान गाड्या थांबत नाहीत. उतरल्यावर रिक्षा किंवा मिनीडोअर मिळेलच असे नाही, विशेषतः रात्री. म्हणून पुष्कळ जण माणगावला उतरतात. तिथे जास्त गाड्यांना थांबा आहे आणि महामार्गावरून महाडची एसटी मिळते. तिकीट काढताना गाडी नेमकी कुठे थांबते ते पाहून घ्या. खेडपर्यंत जाऊन परत मागे यावे लागलेले प्रवासी दर मार्चमध्ये असतात.

पुण्याहून ताम्हिणीने यावे की वरंध्याने?

वरंधा घाट, म्हणजे भोरमार्गे, अंतराने जवळचा आहे, पण अरुंद आणि दरडींचा. पावसाळ्यात तो बऱ्याचदा वाहतुकीला बंद ठेवतात. ताम्हिणीने माणगावला उतरून महामार्ग धरणे लांब पडते, तरी बस घेऊन येणाऱ्यांसाठी तेच योग्य. सातारा-महाबळेश्वरकडून येणाऱ्यांना आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरता येते. वळणे तीव्र आहेत, अंधार पडायच्या आत घाट उतरा.

गर्दीच्या दिवशी यावे की टाळावे?

तळे शांतपणे पाहायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला कामाचा दिवस निवडा. पण 20 मार्चचे महाड एकदा तरी पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. 19 च्या रात्रीपासून राज्यभरातून लोक येऊ लागतात. पांढऱ्या कपड्यांतले उपासक-उपासिका, निळे झेंडे, समता सैनिक दलाची पथके, बुद्धवंदना, पुस्तकांचे स्टॉल, जागोजागी मोफत पाणी आणि जेवण. पुस्तकांवर पैसे खर्च करणारी इतकी गर्दी दुसरीकडे क्वचित दिसते.

त्या दिवसासाठी काही गोष्टी लक्षात ठेवा. सकाळी आठच्या आत तळ्यावर पोहोचा. अकरानंतर रांगही वाढते आणि ऊनही. मार्चमधले महाड दमट असते, घामाने माणूस गळून जातो. माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी हवीच. मोबाइलला रेंज असून फोन लागत नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आधीच ठरवा, आणि ती जागा तळ्याचा काठ नसावी. लहान मुलांच्या खिशात पालकाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

25 डिसेंबरला महाडमध्ये गर्दी कमी, पण रस्त्यावर जास्त असते. नाताळच्या सुट्टीसाठी गोव्याला निघालेल्या गाड्या याच महामार्गावर असतात. शक्य असेल तर 24 च्या दुपारीच महाड गाठा.

2027 मध्ये शंभर वर्षे होतात. त्याचे नियोजन कसे करावे?

20 मार्च 2027 ला शनिवार आहे आणि होळी त्याला लागूनच येते. शिमग्यासाठी गावी निघालेले चाकरमानी आणि महाडला निघालेले अनुयायी एकाच रस्त्यावर असतील. महाडमधली लॉज मोजकी आहेत. माणगाव, पोलादपूर, खेड इथेही खोल्या पाहून ठेवा. मोठे गट बस करून येणार असतील तर बसचालकाच्या आराम आणि जेवणाची सोय आधी लावा. रात्रभर गाडी चालवून आलेला चालक त्याच रात्री परत निघतो, आणि घाटांत अपघात होतात ते अशामुळे. 25 डिसेंबर 2027 लाही शनिवारच आहे.

गाडी कुठे लावावी?

एरवी तळ्याच्या आसपास जागा मिळते, फक्त रहिवाशांची दारे अडवू नका. 20 मार्चला मोठ्या गाड्या गावात सोडत नाहीत. बस बाहेर, पोलीस दाखवतील तिथे लावायची आणि पायी यायचे. बसचा क्रमांक आणि ती लावलेल्या जागेचा फोटो प्रत्येकाने मोबाइलमध्ये काढून ठेवावा. संध्याकाळी एकसारख्या दिसणाऱ्या बसगाड्यांत आपली शोधण्यात तासभर जातो.

तळ्याचे पाणी प्यावे का?

ओंजळीत घ्या, डोळ्यांना लावा. पिऊ नका. हे वस्तीतले साचलेले, प्रक्रिया न केलेले पाणी आहे. पोटात न घेतल्याने अभिवादनात काही उणे राहत नाही. उतरताना पायरी पाहून पाऊल टाका: पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि वरून कोरडी दिसणारी पायरीही निसरडी निघते. आधी टाच टेकवून मग भार द्या, एका हाताने कुणाचा तरी हात धरा. मुलांना शेवटच्या दोन पायऱ्यांवर एकटे सोडू नका. हार, फुले, मेणबत्त्यांचे प्लास्टिक पाण्यात टाकू नका.

बौद्ध नसलेल्यांनी आले तर चालते का? काही नियम आहेत?

अवश्य यावे. कुणी जात विचारत नाही, आणि इथे विचारूही नये. पुतळ्याच्या चौथऱ्यावर आणि वंदनेच्या जागी चपला काढतात. पांढरा पोशाख सक्तीचा नाही. कुणी ‘जय भीम’ म्हटले तर ‘जय भीम’ म्हणावे. त्रिशरण-पंचशील चालू असेल तर म्हणता येत नसले तरी शांत उभे राहावे आणि फोटोसाठी मध्ये घुसू नये.

शाळेची सहल आणायची आहे. मुलांना काय दाखवावे?

सहलीत महाडला बहुधा वीस मिनिटे मिळतात, कारण रायगड गाठायचा असतो. वेळ दुप्पट करा. पाचवीच्या पुढच्या मुलांना एक काम द्या: तळ्याभोवती फिरून किती बाजूंनी पाण्यात उतरता येते ते मोजायचे. मग विचारा, इतक्या वाटा असताना काही माणसांना एकही वाट का नव्हती? 40 रुपयांच्या पाण्याची हकिकत तिथेच सांगा. तारखांचा फलक वाचून दाखवण्यापेक्षा याने मुले बोलती होतात. वर्गात परतल्यावर नगरपालिकेचा ठराव, मनाईहुकूम आणि उच्च न्यायालयाचा निकाल हा क्रम फळ्यावर मांडा.

वयस्क माणसांना जमेल का?

तळ्याभोवतीचा रस्ता सपाट आहे, त्यामुळे वरून दर्शन सहज होते. पाण्यापर्यंत उतरणेच अवघड. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना कुणीतरी ओंजळभर पाणी वर आणून द्यावे, पुष्कळ घरांत तसेच करतात. 20 मार्चच्या दुपारी मात्र वयस्कांना गर्दीत नेऊ नका.

पावसाळ्यात यावे का?

जुलै आणि ऑगस्टमध्ये टाळा. महाड सावित्री आणि गांधारी या नद्यांकाठी वसले आहे. जोराच्या पावसाबरोबर भरती आली की पाणी ओसरत नाही आणि बाजारपेठेत शिरते. जुलै 2021 च्या पुरात शहराचे अतोनात नुकसान झाले आणि तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. सप्टेंबरनंतर आलात तर तळे भरलेले आणि डोंगर हिरवे, दोन्ही मिळतात.

त्याच दिवसात आणखी काय होईल?

गांधारपाले लेणी महामार्गालगतच, महाडच्या थोडे अलीकडे आहेत. तिसेक प्राचीन बौद्ध लेण्यांचा हा समूह आहे, चढ दमवणारा पण छोटा. सकाळी लेणी, नंतर तळे आणि क्रांतीस्तंभ, हा क्रम उन्हाच्या दृष्टीने बरा. रायगड पंचवीसेक किलोमीटरवर आहे. पायथ्यापर्यंत जाऊन रोपवेच्या रांगेत दोन तास गेले तर दिवस संपतो, म्हणून रायगडाला दुसरा दिवस द्या.

दासगाव महामार्गावरच आहे. काही गट तिथून महाडपर्यंतचे पाच मैल चालतात. चालायचे तर पहाटे, एका रांगेत आणि चमकणाऱ्या पट्ट्या लावून चाला, कारण ही वाट आता अवजड वाहनांची आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आहे. रस्ता वळणांचा असल्याने जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा.

आम्हाला तळ्यावर गटाचा कार्यक्रम घ्यायचा आहे. परवानगी लागते का?

पाच-पंचवीस जणांच्या वंदनेला कुणी अडवत नाही. मंडप, मंच किंवा ध्वनिक्षेपक असेल तर नगरपालिका आणि महाड शहर पोलीस ठाणे, दोन्हीकडे लेखी अर्ज हवा. अर्जात तारीख, वेळ, माणसांचा अंदाज, गाड्यांची संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा फोन लिहा. 20 मार्चसाठी अर्ज निदान महिनाभर आधी द्या. जागा आधी ठरून गेलेल्या असतात आणि उशिरा आलेल्यांना तळ्यापासून दूरची जागा मिळते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. ड्रोन उडवायचा असेल तर पोलिसांची वेगळी परवानगी घ्या. कार्यक्रम संपल्यावर पत्रावळी, कागद, पाण्याच्या बाटल्या गोळा करायला चार माणसे आधीच नेमा. शेवटी सगळ्यांना बस गाठायची घाई असते आणि कचरा काठावरच्या घरांसमोर पडून राहतो.